भूप, देशकार आणि गेस्टाल्ट

गायक काळी एकमध्ये भूप गातो, गायिका काळी चारमध्ये. पट्टी बदलली की प्रत्येक सुराची कंपनसंख्या बदलते, तरी भूप भूपच राहतो. सगळे सूर बदलूनही चाल तीच ओळखू येते, मग ती सुरांची नुसती बेरीज कशी असेल, हा प्रश्न ऑस्ट्रियन तत्त्वज्ञ क्रिस्टियान फॉन एरेनफेल्स यांनी 1890 मध्ये मांडला. सुरांपलीकडच्या त्या गुणासाठी त्यांनी गेस्टाल्ट, म्हणजे अखंड घडण, हा शब्द योजला. आपल्या संगीतात याची उलट बाजूही सापडते आणि ती मला अधिक मोलाची वाटते. भूप आणि देशकार या दोन रागांचे पाचही सूर तेच. पण भूप गंधाराला वादी, म्हणजे मुख्य सूर, मानतो, देशकार धैवताला. एक रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, दुसरा सकाळचा. देशकारातला गंधार भूपातला गंधार उरतच नाही. म्हणून पूर्ण हे भागांच्या बेरजेहून ‘मोठं’ असतं, हे व्याख्यानांतून सर्रास ऐकू येणारं वाक्य मला घातक वाटतं. गेस्टाल्ट मानसशास्त्रज्ञ कुर्ट कोफ्का यांनी ‘वेगळं’ म्हटलं होतं. ‘मोठं’ म्हटलं की बेरीज तशीच राहते आणि वर थोडं गूढ चढतं.

यावर कुणी म्हणेल, सुरांसोबत त्यांचे परस्परसंबंधही मोजा, झाली बेरीज पुरी. त्याच पंथाच्या माक्स वेर्टहायमर यांचा 1912 चा प्रयोग इथे आडवा येतो. दोन स्थिर रेषा एकामागून एक दाखवल्या. मधलं अंतर सेकंदाच्या पाचव्या भागाएवढं असेल तर दोन रेषा ओळीने दिसतात. अगदी कमी असेल तर एकदमच. पण ते सुमारे 60 मिलिसेकंद असेल, तर एकच रेषा सरकताना दिसते. पाहणाऱ्याच्या अनुभवात दोन रेषा उरलेल्याच नसतात; मग संबंध मिळवायचा कशात? दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: या पंथाचे नियम दिसण्याचं वर्णन करतात, कारण सांगत नाहीत. हे बऱ्याच अंशी खरं आहे, आणि कारण मेंदूतल्या विद्युतक्षेत्रांत आहे, ही याच पंथाच्या वोल्फगांग कोहलर यांची कल्पना टिकली नाही. पण शोधायचं काय, हे त्या वर्णनानेच नेमकं करून ठेवलं होतं. उदाहरणार्थ, कागदावर रेषा नसताना डोळ्यांना कडा दिसते, ती कल्पनेतच असते असं म्हणायची सोय 1984 मध्ये संपली: माकडांच्या मेंदूतल्या दृष्टिक्षेत्रात अशा भासमान कडांना प्रतिसाद देणाऱ्या चेतापेशी सापडल्या.