शेवटच्या गाडीची वेळ

निवडणूक जवळ आली म्हणजे रस्त्यांना, दिव्यांना आणि बसगाड्यांना अकस्मात वाचा फुटते, हा अनुभव नवा नाही. १५ जानेवारी २०२६ रोजी महाराष्ट्रातील २९ महानगरपालिकांसाठी एकाच दिवशी मतदान झाले. त्यांत आमची वसई-विरारही होती. २०२० च्या जूनपासून येथे लोकनियुक्त सभागृह नव्हते, प्रशासकच कारभार पाहत होता. तेव्हा साडेपाच वर्षे तुंबून राहिलेली वचने बांध फुटल्यासारखी वाहू लागली, यात नवल ते काय?

आमचे भुईगाव हे वसईच्या पश्चिम पट्ट्यातले, समुद्राच्या काठचे. बुद्रुक आणि खुर्द अशी त्याची दोन अंगे. किनाऱ्यावर सुरूची झाडे, आत बावखलांच्या आधाराने जगलेल्या वाड्या. कोठे केळी, कोठे पानवेल, कोठे सोनचाफा. मुंबईच्या वाचकाला हे वर्णन रमणीय वाटेल, आणि ते रमणीय आहेही. परंतु ज्याला रोज पोटासाठी मुंबई गाठावयाची आहे, त्याच्या दृष्टीने या रमणीयतेचा अर्थ इतकाच की, स्टेशन दूर आहे. विरारहून मुंबईस जाणारी गाडी १८६७ साली सुरू झाली, आणि विजेची गाडी १९३६ साली विरारपर्यंत आली. म्हणजे वसईहून मुंबईला कसे जावे हा प्रश्न आमच्या पणजोबांच्या काळीच सुटला. घरून स्टेशनवर कसे जावे हा मात्र आम्ही नातवंडांच्या हाती सोपवण्याच्या बेतात आहोत.

या निवडणुकीच्या दिवसांत आमच्या आळीतही उमेदवार आले. हात जोडले गेले, छापील पत्रके वाटली गेली. नव्या गाड्या, विजेवर चालणाऱ्या गाड्या, तिकिटात सवलत, थांब्यांवर छपरे, असा सगळा थाट त्यांत होता. आमच्या शेजारच्या एक बाई पहाटे चाफ्याची आणि मोगऱ्याची पाटी घेऊन दादरला जातात. त्यांनी पत्रक हातात घेतले, उलटसुलट पाहिले, आणि शांतपणे विचारले, “बाबा रे, हे सगळे चांगलेच आहे. पण स्टेशनवरून गावाकडे रात्री शेवटची गाडी किती वाजता सुटणार, तेवढे सांग.” उमेदवार हसले, कार्यकर्त्याकडे पाहू लागले, कार्यकर्ता पत्रकाकडे पाहू लागला. पत्रकात सर्व काही होते, तेवढी एक वेळ नव्हती. “मावशी, निवडून आलो की तुमच्या मनासारखी वेळ ठेवू,” असे म्हणून मंडळी पुढल्या दारी गेली.

आम्ही तीस वर्षे महाविद्यालयात निबंध तपासले. परंतु एवढ्या थोड्या शब्दांत विषयाच्या गाभ्याला हात घालणारे लेखन आमच्या वाट्यास क्वचितच आले. ‘गाड्या वाढवू’ ही इच्छा झाली. ‘रात्री अमुक वाजता अमुक थांब्यावरून गाडी सुटेल’ हे वचन झाले. इच्छेला कोणी खोटे पाडू शकत नाही, वचनाला घड्याळ खोटे पाडते. म्हणूनच वचन देणारा घड्याळापासून शक्य तितका दूर उभा राहतो. वस्तुतः बसची सारी उपयुक्तता पहिल्या आणि शेवटच्या फेरीत साठलेली असते. दुपारी अर्ध्या तासाने गाडी आली तरी माणूस झाडाखाली उभा राहतो. परंतु रात्रीची शेवटची गाडी भरवशाची नसेल, तर मुलीला संध्याकाळचा वर्ग घेता येत नाही, सुनेला दुसऱ्या पाळीची नोकरी पत्करता येत नाही, आणि फुलवालीच्या दिवसाच्या कमाईचा लचका रिक्षाभाडे तोडते. ज्या घरात दुचाकी आहे त्या घराला हे कळत नाही. आणि सभागृहात जाऊन बसणारी घरे बहुधा दुचाकीच्याही पुढे गेलेली असतात.

आता दुसरा प्रश्न. वचन कोणी दिले याइतकेच ते कोण पाळू शकतो हेही पाहणे अगत्याचे आहे. निवडणुकीच्या गप्पांत अमुक महापौर झाला तर काय करील, याची चर्चा रंगते. परंतु आपल्याकडे महापौरपदासाठी लोकांपुढे कोणी उभाच राहत नाही. नगरपरिषदेच्या नगराध्यक्षाला मतदार थेट निवडतात. महापौराला मात्र नगरसेवक आपल्यातून निवडतात, तोही अडीच वर्षांसाठी. १९४९ च्या अधिनियमाप्रमाणे कारभाराची अंमलबजावणी आयुक्ताच्या हाती. बससेवेसाठी परिवहन समिती निराळी आणि परिवहन व्यवस्थापक निराळा. महापौराकडे मान मोठा, घंटा मोठी, पण गाडीची किल्ली दुसऱ्याच्या खिशात. १९९८ साली मुंबई आणि नागपूर येथे महापौराच्या हाती प्रत्यक्ष कारभार देण्याचा प्रयोग झाला होता. तो वर्षभरातच गुंडाळला गेला. अर्थात महापौर दुबळा आहे म्हणून वचन फोल ठरते असे नव्हे. सभागृहात बहुमत असेल तर परिवहन समिती त्याची, अंदाजपत्रकही त्याचे. सबब सांगावयाची असेल तर कायदा आहे, आणि काम करावयाचे असेल तर बहुमत आहे. कोणते वापरावे हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न.

ही केवळ आमच्याच नशिबाची कथा आहे असेही कोणी समजू नये. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या मतदारांनी झोहरान ममदानी यांना महापौर निवडले. शहरातील बसप्रवास मोफत करू, हे त्यांच्या ठळक वचनांपैकी एक. परंतु तेथील बसगाड्या ज्या संस्थेच्या आहेत ती शहराची नव्हे, राज्याची आहे. त्याहून बोधप्रद कथा लंडनची. १९८१ साली तेथील महानगर परिषदेत अधिकारावर आलेल्या पक्षाने दिल्या वचनाप्रमाणे बस व भुयारी रेल्वेचे भाडे उतरवले, आणि तूट भरून काढण्यासाठी कर वाढवला. ब्रॉमली या उपनगरात भुयारी रेल्वे मुळीच नव्हती. जी गाडी आमच्या दारी येत नाही तिच्यासाठी आम्ही कर का द्यावा, असे म्हणून ब्रॉमलीने न्यायालय गाठले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात उमरावांच्या सभेतील न्यायाधीशांनी ती करवाढ बेकायदा ठरवली. निवडणुकीत वचन दिले होते, एवढ्याने ते कायदेशीर होत नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ.

ब्रॉमलीचा प्रश्न भुईगावानेही विचारावा असाच आहे. ३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि ५३ गावे मिळून महानगरपालिका झाली. गावांनी विरोध केला, मोठे आंदोलन झाले. २०११ साली शासनाने २९ गावे वगळण्याचे ठरवले, त्यांत पश्चिम पट्ट्यातील गावे होती. महापालिका न्यायालयात गेली, आणि प्रकरण वर्षानुवर्षे लोंबकळत राहिले. २०२४ साली शासनाने ती गावे पालिकेतच ठेवण्याची भूमिका घेतली. दरम्यान २०१२ साली पालिकेने ठेकेदारामार्फत स्वतःची बससेवा सुरू केली. आणि पुढे एस.टी.ने वसईतील शहरी फेऱ्यांतून अंग काढून घेण्याचे ठरवले, तेव्हा पुन्हा गावेच रस्त्यावर आली. एस.टी.चे म्हणणे, शहर वाहतूक हे पालिकेचे काम. गावाचे म्हणणे, आम्ही शहर आहोत की नाही हेच अजून ठरलेले नाही. या वादात गावकरी थांब्यावर उभाच राहिला.

म्हणूनच आम्हास वाटते की, गाव शहरात आले की नाही, याचा खरा निर्णय राजपत्रात होत नाही, बसच्या पाटीवर होतो. करपावतीवर शहराचे नाव छापायला वेळ लागत नाही. पण रात्री दहा वाजता स्टेशनबाहेर उभ्या असलेल्या गाडीवर ‘भुईगाव’ अशी पाटी दिसली, की त्या गाडीत चढणाऱ्या माणसास, या शहराला आपली आठवण आहे, असे वाटते. सामीलीकरणाच्या बाजूने वा विरुद्ध दिलेल्या कोणत्याही व्याख्यानापेक्षा त्या पाटीचा युक्तिवाद बळकट आहे.

यावर व्यवहारी मनुष्य म्हणेल, रात्रीच्या गाडीत बसणार दहा माणसे. तोटा कोणी सोसावा? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर भावनेने नव्हे, हिशेबानेच दिले पाहिजे. मुंबई पालिकेने ७ ऑगस्ट १९४७ रोजी ट्राम, बस आणि वीज अशी तिन्ही खाती आपल्या ताब्यात घेतली. पुढे कित्येक वर्षे विजेच्या नफ्यातून बसचा तोटा भरून निघत असे. १ जून १९४८ रोजी अहमदनगर-पुणे मार्गावर निघालेल्या एस.टी.नेही भरल्या मार्गाच्या उत्पन्नावर रिकामे मार्ग चालवले, म्हणून आडगावची मुले शाळेत गेली. सार्वजनिक वाहतूक हा असा एकत्र कुटुंबाचा संसार आहे. मिळवता भाऊ वेगळा निघाला की धाकट्याची चूल विझते. आमच्या पालिकेत मिळवता भाऊ कोण, हे तिने उघड सांगावे: स्टेशनजवळचे गर्दीचे मार्ग, की मालमत्ता कर, की शासनाचे अनुदान? ज्या वचनापुढे रकमेचा रकाना कोरा, ते वचन लंडनच्या वचनासारखे एक दिवस न्यायालयात, नाही तर ठेकेदाराच्या थकलेल्या बिलात अडकणारच.

तेव्हा सुज्ञ वाचकांस आमची विनंती इतकीच की, निवडणुकीची पत्रके रद्दीत घालू नयेत. ती जपून ठेवावीत, आणि परिवहनाचे अंदाजपत्रक सादर होईल तेव्हा शेजारी मांडून वाचावीत. आपल्या गावाची पहिली आणि शेवटची फेरी किती वाजता, मधल्या फेऱ्या किती, आणि खर्च कोणत्या शीर्षाखाली, एवढी तीन उत्तरे लेखी मागावीत. मागणारा एकटा असेल तर त्याला वेडा म्हणतील. आळीतली वीस घरे मिळून मागतील तर बहुधा वेळापत्रक छापले जाईल. ते थांब्यावर चिकटवण्यास लागणारी खळ आमच्या घरी तयार आहे.