भिंतीवरची बुरशी आणि बंद खिडकी

मुंब्रा, भिवंडी किंवा मुंबईच्या जुन्या मोहल्ल्यांत राहणाऱ्यांना जुलै-ऑगस्टमधला तो कुबट वास नवा नाही. कपाट उघडले की तो येतो. रजईला येतो, घडी करून ठेवलेल्या जानमाजला येतो, ईदनंतर नीट ठेवलेल्या शेरवानीलाही येतो. बाथरूमच्या छतावर काळे ठिपके उमटतात, पलंगामागच्या भिंतीवर हिरवट थर चढतो. ‘ओल आली’ म्हणून आपण पावसाळा संपेपर्यंत सोसतो.

आमच्या घरात सोसून भागण्यासारखे नव्हते. आमच्या धाकट्याला दमा आहे. रात्री त्याची छाती वाजू लागली की सारे घर उठून बसते. डॉक्टरांनी औषध आणि पंप तर दिलाच, पण विचारले, ‘हा झोपतो त्या खोलीत बुरशी आहे का?’ बुरशीचे न दिसणारे बीजाणू हवेत तरंगतात आणि श्वासावाटे आत जाऊन दमेकऱ्याचा त्रास वाढवतात. तेव्हापासून या बुरशीच्या मागे आम्ही घरातले सगळेच लागलो.

पहिली गोष्ट समजली ती अशी की, बुरशी येते म्हणजे घरातली बाई सफाईत कमी पडते असे नाही. बीजाणू सगळ्याच घरांत असतात. त्यांना वाढायला ओलावा लागतो आणि तो आपणच रोज तयार करतो. आंघोळ, दोरीवरचे ओले कपडे, उकळणारा भात, तासन्‌तास शिजणारी निहारी, सगळ्यांची वाफ घरातच फिरते. स्वयंपाकाचा गॅस जळतानाही पाण्याची वाफ होते. १४.२ किलोचा एक सिलिंडर संपेपर्यंत सुमारे २२ लिटर पाणी वाफ होऊन घरात आलेले असते. बाहेर जायला वाट मिळाली नाही, तर ही वाफ पावसाने भिजलेल्या थंड भिंतीवर जाऊन बसते.

कोकणातल्या आमच्या दादीच्या घरात हा प्रश्न एवढा नव्हता. चुलीचा धूर आणि भाताची वाफ कौलांच्या फटींतून निघून जाई. फ्लॅटमध्ये वर स्लॅब, खिडक्यांना घट्ट सरकत्या काचा आणि समोर हाताच्या अंतरावर दुसरी इमारत.

खरा पेच इथेच आहे. समोरच्या खिडकीतून थेट आमचे स्वयंपाकघर दिसते. काच सरकवली की ओढणी सांभाळत पोळ्या लाटायच्या, म्हणून काच बंद. पुरुष दिवसभर कामावर, मुले शाळेत. त्या कोंदट हवेत पूर्ण दिवस काढतात त्या घरातल्या बायका, म्हातारी माणसे आणि तान्ही मुले. यावर आम्ही सगळ्यांनी बसून बोललो. अम्मी म्हणाल्या, ‘पर्दा नजरेला असतो, वाऱ्याला नाही.’ अहमदाबादच्या सिदी सय्यद मशिदीतली १५७३ च्या सुमाराची दगडी जाळी पाहिलेल्यांना हे लगेच पटेल. आडोसा राखून वारा येऊ देण्याची कला आपल्याकडे जुनीच आहे.

मग आम्ही स्वयंपाकघराच्या खिडकीला खाली दुधी काच बसवली आणि वर, डोक्याच्या उंचीपलीकडे, काचेच्या तिरप्या पट्ट्या. शेगडीजवळ भिंतीत वर एक्झॉस्ट फॅन लावला. बाथरूममधला फॅन आंघोळीनंतरही वीसेक मिनिटे चालू राहतो. हवा बाहेर जायची तर आत यायलाही वाट हवी, म्हणून बाथरूमच्या दाराखाली बोटभर फट ठेवली. कपाटे आणि पलंग भिंतीपासून चार बोटे पुढे घेतले. ओले कपडे आता एकाच खोलीत वाळतात. तिथे पंखा चालू, खिडकी किलकिली आणि दार बंद.

आर्द्रता मोजणारे छोटे यंत्रही आणले. आकडा ६० टक्क्यांच्या खाली राहिला, तर बुरशीला वाढणे कठीण जाते. मुसळधार पावसात बाहेरचीच हवा दमट असते, तेव्हा सगळ्या खिडक्या उघडून घर सुकत नाही. अशा दिवशी वाफ जिथे होते तिथूनच फॅनने बाहेर काढायची, खोल्यांत पंखे चालू ठेवायचे आणि उघडीप मिळाली की समोरासमोरच्या खिडक्या उघडून कपाटांची दारेही उघडी टाकायची.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. भिंतीवरची बुरशी काढताना नाक-तोंड बांधावे, साबणाच्या पाण्याने पुसावी आणि जागा पूर्ण कोरडी करावी. ब्लीच आणि संडास साफ करायचे अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नये; त्यातून विषारी वायू निघतो. आणि वरच्या मजल्यावरून किंवा पाइपमधून गळती असेल, तर आधी ती थांबवावी. तिथे पंखाही उपयोगाचा नाही आणि नवा रंगही.

धाकट्याचे औषध चालू आहे, पंप उशाशी असतो. पण त्याच्या पलंगामागची भिंत या पावसाळ्यात कोरडी राहिली आणि रात्री उठून बसण्याची वेळ कमी आली, अल्हम्दुलिल्लाह.

घर घेताना किंवा भाड्याने पाहताना आपण मशीद किती जवळ आहे, पाणी किती तास येते, हे विचारतो. स्वयंपाकघराची खिडकी कुठे उघडते, हेही विचारत जाऊ या. आणि घर पाहायला जाताना त्या स्वयंपाकघरात दिवस काढणारीला सोबत नेऊ या.