बारावा फोटो

नात परवा विचारत होती, "आजोबा, पहिलाच कॅमेरा घ्यायचाय, पैसे थोडेच आहेत. कोणता घेऊ?"

१९७२ साली शाळेत नोकरी लागल्यावर मी आग्फा क्लिक थ्री घेतला होता. एका रोलमध्ये बाराच फोटो, रोल धुण्याचा खर्च वेगळा. त्यामुळे हात आखडायचा. एकदा बारावा फोटो आईसाठी राखून ठेवला. ती म्हणाली, "दिवाळीला नवं लुगडं नेसेन, तेव्हा काढ." दिवाळीआधीच ती गेली...

असो. नातीला म्हटलं, मेगापिक्सेलच्या मागे लागू नकोस. सेकंडहँड डीएसएलआर बघ, १८-५५च्या लेन्ससकट. लेन्सवर टॉर्चचा उजेड टाकून आत बुरशी नाही ना ते बघ, शटर किती वेळा पडलंय ते विचार. उरलेल्या पैशांत जादा बॅटरी आणि कार्ड घे. परवडणारा कॅमेरा म्हणजे नुसता स्वस्त नव्हे. ज्याचं बटण दाबताना हात आखडत नाही, तो.

तिने घेतला. पहिलाच फोटो आजीचा, लसूण सोलताना. आजी म्हणत होती, "थांब गं, साडी बदलून येते."

मी म्हटलं, "थांबू नकोस. काढ!"