चार पावलं चालून दाखवा

कागदोपत्री त्याचं नाव ओटावा अँकल रूल्स, म्हणजे घोट्याच्या दुखापतीचा नियम. स्वभावानं मोजका, काहीसा कोरडाच. पाय मुरगळलेला माणूस इमर्जन्सीत आला, की तो दोनच गोष्टी पाहतो: हाडावर दाबलं तर दुखतं का, आणि चार पावलं टाकता येतात का? लंगडत टाकली तरी त्याला चालतात. टम्म सुजलेला, काळानिळा पडलेला घोटा पाहून तो गडबडत नाही.

दाबायच्या जागाही त्यानं ठरवून ठेवल्यात. घोट्याच्या दोन्ही उंचवट्यांची टोकं आणि त्यांच्या मागच्या कडेचे खालचे ६ सेंटिमीटर. पाऊल दुखत असेल तर करंगळीच्या रेषेतल्या लांब हाडाचं बूड आणि आतल्या बाजूचं होडीच्या आकाराचं हाड. तिथं दाबून दुखलं नाही, आणि लागल्याबरोबर किंवा दवाखान्यात, एकदा तरी चालता आलं, तर त्याचा निकाल ठरलेला: एक्स-रे फोटो नको.

तो कॅनडातल्या ओटावाचा. त्याला घडवलं इमर्जन्सी डॉक्टर इयन स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. तेव्हा घोटा दुखावलेल्या जवळजवळ प्रत्येकाचा एक्स-रे निघे, आणि हाड मोडलेलं सापडे १५ टक्क्यांहून कमी जणांत. बहुतेक फोटो वाया जातात हे डॉक्टरांना कळत होतं, पण नाही म्हणायची छाती होईना. एखादं फ्रॅक्चर नजरेतून सुटलं तर ते डॉक्टरच्या मानगुटीवर बसे. वाया गेलेल्या फोटोंचा जाब कुणीच विचारत नसे. स्टील यांनी ७५० रुग्णांच्या खुणा नोंदवल्या आणि मोडलेलं हाड नेमकं कोणत्या खुणा पकडतात, ते आकड्यांनी पडताळलं. १९९२ साली नियम छापून आला. त्याच वर्षी त्याच ऑन्टॅरिओ प्रांतातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या मंडळींनी पुराव्यावर आधारलेल्या वैद्यकाचा जाहीरनामा मांडला. हा गडी त्याच पठडीतला: ज्येष्ठांचा शब्द म्हणून काही मानायचं नाही, मोजून बघायचं.

तोही मोजला गेला. १९९४ च्या अभ्यासात त्याच्यामुळे घोट्याचे एक्स-रे २८ टक्क्यांनी घटले. २००३ मध्ये २७ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा त्यानं ‘फोटो नको’ म्हटलेल्यांपैकी २ टक्क्यांहून कमी जणांचं हाड मोडलेलं निघालं.

आपली हद्द तो ओळखून आहे. हाड मोडलंय असं तो कधीच सांगत नाही. त्यानं फोटोला पाठवलेल्या बऱ्याच जणांची हाडं धडधाकट निघतात. दारू प्यालेला किंवा मधुमेहानं पायाची संवेदना गेलेला माणूस आला, तर या नियमाच्या शब्दावर विसंबू नये. ज्याला दुखणंच नीट कळत नाही, त्याला दाबून काय कळणार?

पुढं त्याला भावंडं झाली. एक गुडघ्यासाठी, आणि २००१ मध्ये आणखी दोन, डोक्याच्या आणि मानेच्या दुखापतीसाठी. तिथं चूक जिवावर बेतू शकते, तरी रीत तीच.

तेव्हा पाय मुरगळल्यावर डॉक्टरांनी हाड दाबून पाहिलं, चार पावलं चालवलं आणि फोटो लिहून दिला नाही, तर त्यांनी टाळाटाळ केली असं समजू नका. तुमची तपासणी झालेली आहे.