पर्यटनाची विद्या आणि आमचा यवतमाळ जिल्हा

प्रवासवर्णनाच्या पुस्तकांतून यवतमाळ जिल्ह्याचे नाव शोधू गेल्यास ते क्वचितच हाती लागते. अजिंठा-वेरूळास जाणारा मनुष्य आमच्याकडे वळत नाही. ताडोब्यास जाणारा नागपुराहून परस्पर चंद्रपुराकडे जातो. आणि आमच्या वाट्यास येतो तो पांढरकवड्यावरून हैदराबादेकडे जाणारा राजरस्ता व त्यावरून रात्रंदिवस धावणाऱ्या मालमोटारी. कापसाचा जिल्हा ही आमची जुनी ख्याती. कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा जिल्हा ही अलीकडची अपकीर्ती. अशा जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या मुलाने बारावी झाल्यावर ‘आंतरराष्ट्रीय पर्यटन व्यवस्थापन’ ह्या विषयाची पदवी घेण्याचे मनात आणले, तेव्हा गावात पुष्कळांस हसू आले. मला आले नाही, आणि ते का आले नाही हे सांगावे म्हणून लेखणी हाती घेतली आहे.

मुलाचे वडील माझे जुने विद्यार्थी. कळंब तालुक्यात त्यांची सहा एकर कोरडवाहू जमीन आहे. शहरातील एका मध्यस्थाने मुलास परदेशातील एका विद्यापीठाचे चकचकीत माहितीपत्रक दाखविले होते, व त्या खर्चासाठी निम्मी जमीन विकावी काय, असा प्रश्न घरात उभा होता. ते मजकडे सल्ल्यास आले आणि आपल्या वऱ्हाडी बोलीत म्हणाले, “गुरुजी, पाव्हण्याची सरबराई कराले कालेज कायले पायजे? अन् तेही साता समुद्रापार?” प्रश्न अडाणीपणाचा वाटेल, पण उडवून लावण्याजोगा खास नव्हे. तीन एकर जमीन ज्याची जाणार, त्यास तो विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे.

प्रथम ह्या विद्येचे स्वरूप पाहू. ‘पर्यटन’ हा शब्द ‘परि’ उपसर्ग व ‘अट्’ धातू यांपासून झाला; चहूकडे फिरणे एवढाच त्याचा अर्थ. फिरणाऱ्यास शिक्षण लागत नाही. शिक्षण लागते ते ज्याच्या दारी तो येतो त्यास. ‘अतिथी’ म्हणजे ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो, अशी व्युत्पत्ती आपण शाळेत शिकविली. आजचा पर्यटक मात्र तिथी, वार व घटका आधी ठरवून, पैसे भरूनच निघतो, आणि ह्या एका फरकातून सारे शास्त्र उत्पन्न झाले आहे. इंग्लंडातील टॉमस कुक ह्या मद्यपाननिषेधाच्या प्रचारकाने ५ जुलै १८४१ रोजी लेस्टरहून लफबरोपर्यंत सुमारे पाचशे माणसे एक शिलिंग भाड्यात खास आगगाडीने सभेस नेली. संघटित सहलींचा व्यवसाय तेथून वाढला असे सामान्यतः मानतात. स्वित्झर्लंडात लोझान येथे १८९३ साली उपाहारगृहचालकांच्या संघाने शाळाच काढली. पुढे १९४२ साली हुन्झिकर व क्राफ ह्या दोन स्विस पंडितांनी पर्यटनाचे लक्षण बांधले: परस्थ माणसांचा प्रवास व मुक्काम यांतून जे संबंध व ज्या घटना उद्भवतात त्यांचा समुच्चय म्हणजे पर्यटन, मात्र तो मुक्काम कायमचा नसावा व अर्थार्जनासाठी नसावा.

ज्याने तर्कसंग्रहाची चार पाने वाचली आहेत त्याचा हात अशा लक्षणावर लगेच चालू लागतो. वर्सईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेस निघाले ते दक्षिणेच्या आशेने. ‘माझा प्रवास’ लिहिणारा हा मनुष्य ह्या लक्षणाप्रमाणे पर्यटकच ठरत नाही! शिवाय कामासाठी आलेला व्यापारी धर्मशाळेत एक रात्र राहिला तर त्याचेही पैसे त्याच गल्ल्यात पडतात. अव्याप्तीचा दोष उघड आहे. तो शास्त्रकारांनाही पुढे जाणवला, व संयुक्त राष्ट्रांच्या आजच्या व्याख्येत एक वर्षाच्या आतील कामकाजाचा प्रवासही घेतला आहे. वेचणीच्या हंगामात मजुरीस येणारी कुटुंबे मात्र अजून बाहेरच आहेत, आणि ते योग्यच म्हणावे लागेल.

दिवाळीनंतर थंडी पडू लागली तेव्हा मी त्या मुलास घेऊन तीन दिवस जिल्ह्यात हिंडावयाचे ठरविले. एक वही त्याच्या हाती दिली आणि सांगितले की, प्रत्येक ठिकाणी कोण आला, कोठून आला, आणि त्याने सोडलेला रुपया कोठे गेला, एवढेच लिही.

आरंभ घरच्याच कळंबाने केला. येथील चिंतामणी विदर्भाच्या अष्टविनायकांपैकी एक. देवळाचा विशेष असा की, ते जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतरून देवापुढे जावे लागते आणि जवळच कुंड आहे. इंद्राने येथे गणेशाची आराधना केली अशी कथा, व बारा वर्षांनी कुंडातील पाणी चढून देवाच्या चरणांस लागते अशी श्रद्धा. माघात यात्रा भरते. आम्ही गेलो त्या दिवशी चतुर्थी होती. पायऱ्यांवर रांग वरपर्यंत आलेली. एक सेवेकरी दहा माणसे सोडी, दोर लावी, ती वर आली की पुढची दहा सोडी. मुलगा म्हणाला, “गुरुजी, माहितीपत्रकात ‘धारणक्षमता’ म्हणून एक पूर्ण विषय आहे.” तो दोर म्हणजेच तो विषय. एखादे स्थळ एका वेळी किती माणसे सोसू शकते, त्यापुढे स्थळाची, येणाऱ्याची व तेथे राहणाऱ्याची हानी कशी होते, हे मोजण्याची ती रीत आहे. सेवेकऱ्यास ती अनुभवाने येते. परंतु २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा ते कळंब ही रुंदमापी आगगाडी सुरू झाली आहे, आणि वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्ग पुरा होईल तेव्हा त्या पायऱ्यांवर उतरणाऱ्यांची संख्या एका दोराने आवरणारी राहणार नाही. सेवाग्राम पाहावयास येणारा मनुष्य आता सहज कळंबास येऊ शकतो. त्यास पिण्याचे पाणी, स्वच्छ शौचगृह आणि रात्रीचा निवारा कोण देणार, ह्याचा विचार गाडी येण्यापूर्वी व्हावयास हवा होता.

आपल्या पूर्वजांस ही कला अवगत नव्हती असे मात्र कोणी समजू नये. नाशिक-त्र्यंबकाच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आठवाव्या. कोणत्या गावचा, कोणत्या कुळाचा यजमान केव्हा आला, बरोबर कोण होते, हे पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवावयाचे आणि त्याचा नातू आला की त्याच्या आजोबांची सही त्याच्यापुढे उघडावयाची! आज मोठमोठ्या हॉटेलांचे संगणक गिऱ्हाइकाची आवडनिवड टिपून ठेवतात. वह्यांचे कार्य निराळे नव्हते.

दुसऱ्या दिवशी यवतमाळचे जुने स्थानक पाहिले. येथून दारव्हा, कारंजा यांवरून मूर्तिजापुरास जाणारी सुमारे ११३ किलोमीटरची लहान गाडी वऱ्हाडात ‘शकुंतला’ ह्या लाडक्या नावाने प्रसिद्ध होती. किलिक-निक्सन ह्या ब्रिटिश पेढीच्या पुढाकाराने, विसाव्या शतकाच्या आरंभी, मुख्यतः कापूस वाहून नेण्यासाठी ती झाली. १९९४ साली तिचे वाफेचे इंजिन गेले, डिझेल आले. पुढे गेल्या दशकात गाडीच थांबली. मुलाने रुळांमधील अंतर पावलांनी मोजले. ते अडीच फूट. कालका-सिमला गाडीचे मापही तेवढेच, आणि तिला २००८ साली जागतिक वारशाचा मान मिळाला आहे. सिमल्याचा डोंगर आमच्यापाशी नाही हे खरे. परंतु कपाशीच्या पांढऱ्या शेतांतून जाणारी ती संथ गाडी पाहण्यासाठी कोणी आले नसते असे मी तरी म्हणणार नाही. रुळांत गवत वाढले होते व दोन शेळ्या चरत होत्या. मुलाच्या वहीतील त्या दिवसाचे पान कोरे राहिले.

तिसरा दिवस टिपेश्वरचा, आणि खरी परीक्षा तेथेच होती. पांढरकवड्याजवळचे हे अभयारण्य सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे. टिपाई देवीवरून त्याचे नाव. सागाचे रान, मध्ये गवताळ माळ, नीलगाई, चितळ, आणि वाघ. आम्ही पहाटे उघड्या जिप्सीतून निघालो. बरोबर नियमाप्रमाणे स्थानिक वाटाड्या होता, जवळच्याच खेड्यातील पंचविशीचा तरुण. वाघ दिसला नाही. ओल्या मातीत उमटलेले त्याचे पाऊल दिसले, व माझे समाधान झाले. येथून निघालेला एक तरुण वाघ पर्यटनाच्या इतिहासात नोंदण्याजोगा आहे. गळ्यात पट्टा बांधलेला हा नर जून २०१९ मध्ये टिपेश्वर सोडून निघाला आणि महाराष्ट्र व तेलंगण यांतील रानेशेते तुडवीत, सुमारे १३०० किलोमीटर चालून डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. इतक्या मार्गात त्याने वस्तीस फारसा उपद्रव दिला नाही. परवाना मात्र काढला नव्हता.

दुसरी आठवण अशी गोड नाही. ह्याच भागात, राळेगाव-पांढरकवड्याच्या परिसरात, २०१८ च्या नोव्हेंबरात ‘अवनी’ नावाची वाघीण गोळी घालून मारण्यात आली. तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर सांगितले जात. देशभर वाद झाला, आणि तो दूरच्या शहरांत अधिक झाला. ज्या बायांना सकाळी कपाशी वेचावयास जावे लागे, त्यांस वाघ पाहण्याची हौस नव्हती. आणि ज्यांस हौस होती, त्यांस वेचणीस जावयाचे नव्हते. डॉक्सी नावाच्या अभ्यासकाने १९७५ साली यजमानांच्या मनाच्या पायऱ्या मांडल्या आहेत: प्रथम पाहुण्यांविषयी उत्साह, मग उदासीनता, मग त्रास, शेवटी वैर. पांढरकवड्याच्या आसपासची खेडी ह्या जिन्यावर कोठे उभी आहेत हे पुस्तकावरून ठरत नाही. तेथे जाऊन, बसून, चहा घेऊनच ते कळते. वाटाड्याने सांगितले की, त्याच्या काकांच्या शेतात रानडुकरे शिरतात व भरपाईसाठी खेटे घालावे लागतात. आणि त्याच्या स्वतःच्या घरात मात्र जिप्सीमुळे चूल पेटते. एकाच अंगणात दोन पायऱ्या!

फाटकापाशी हैदराबादेहून आलेले एक कुटुंब भेटले. मुलाने धीटपणे हिंदीत विचारपूस केली आणि वही भरली. त्यांनी खोली घरबसल्या दूरच्या एका संकेतस्थळावरून घेतली. त्या संकेतस्थळाची दलाली जिल्ह्याबाहेर गेली. निवासाचा मालक बाहेरगावचा. न्याहारीचा पाव, लोणी, डबाबंद रस सारे मोठ्या शहराहून आलेले. गाडी त्यांची, तेल हमरस्त्यावरचे. जिल्ह्यात राहिला तो वाटाड्याचा मेहनताना, जिप्सीचे भाडे, खोली झाडणाऱ्या बाईची मजुरी व फाटकावरील दोन कप चहा. शास्त्रात ह्यास ‘गळती’ म्हणतात, आणि गळती हा आम्हां वऱ्हाडकरांस नवा विषय नाही. शतकापूर्वी कापूस येथून कच्चा गेला व कापड होऊन, दहापट मोल घेऊन परत आला. वाघाचेही तसेच होऊ घातले आहे: जिवाचे भय आमचे, आणि दर्शनाचे मोल इतरांचे. निवासात ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण व आमच्या आंबाडीची भाजी मिळती तर गळतीचे एक छिद्र तेवढ्याने बुजले असते, असे मुलगा परतीच्या वाटेवर आपण होऊन म्हणाला. माहितीपत्रकात हे वाक्य नव्हते.

वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर मला तेथे मिळाले. सरबराई करावयास महाविद्यालय लागत नाही. सरबराईचा पैसा कोठे जातो हे पाहावयास व तो अडवावयास लागते. तिकिटांचे दर, विमानतळांच्या तीन-तीन अक्षरी खुणा, परकीय चलन, व्हिसाचे नियम, हिशेब, कायदा, जाहिरात, एखादी युरोपीय भाषा, हे सारे तेथे शिकवितात आणि ते शिकलेच पाहिजे, नाहीतर दलाली देणारेच आपण राहू. परंतु ह्यासाठी तीन एकर विकून परदेशी जाण्याचे कारण मला दिसले नाही, आणि तसे मी स्पष्ट सांगितले. केंद्र सरकारच्या पर्यटन खात्याची, १९८३ साली स्थापन झालेली भारतीय पर्यटन व प्रवास व्यवस्थापन संस्था ग्वाल्हेरीस आहे; तिच्या शाखा भुवनेश्वर, नोएडा, नेल्लोर व गोवा येथेही आहेत. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचा पर्यटनाचा अभ्यासक्रम घरी राहूनही करता येतो. हा धंदा नाजूक आहे हेही मी लपविले नाही: २०१९ साली जगात सीमा ओलांडणारे सुमारे १४६ कोटी प्रवासी मोजले गेले, आणि पुढल्याच वर्षी साथीमुळे ती संख्या जवळजवळ तीन-चतुर्थांशाने घसरली. त्या वर्षी ज्यांनी कर्ज काढून हॉटेले बांधली होती त्यांची स्थिती बोंडअळी पडलेल्या शेतकऱ्याहून वेगळी नव्हती. म्हणूनच जमीन हातची जाऊ देऊ नये. पाऊस गेला तर पाहुणे, पाहुणे गेले तर पाऊस, असे दोन आधार घरास असावे.

वडिलांनी सर्व ऐकून घेतले. मग त्यांनी एकच विचारले, “ग्वाल्हेरले आपली माणसं हायत का?” शिंद्यांच्या त्या नगरीत मराठी घरे पुष्कळ आहेत, हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा उजळला. जमिनीचा व्यवहार थांबला. मध्यस्थ दोनदा येऊन परत गेला.

ग्वाल्हेरच्या प्रवेशाची तयारी आता चालू आहे. मधल्या वेळात मुलाने एक उद्योग आरंभिला आहे. अभ्यासक्रमात युरोपीय भाषा आहेत, पण टिपेश्वरच्या फाटकावर बोलणे ऐकू येते ते तेलुगूत, हे त्याने त्या दिवशी हेरले. पाटणबोरीचे एक दुकानदार त्यास आठवड्यातून दोनदा ती लिपी गिरवावयास देतात. तेलुगूतही आपल्यासारखा ‘ळ’ आहे, हे त्याने मला मोठ्या हर्षाने येऊन सांगितले.