जीप

श्रीकृष्णाने रुक्मिणीला रथातून नेले, ते आमच्या कौंडण्यपुराहूनच, अशी कथा आहे. माझ्या बालपणी मात्र आम्हां मुलांचे सारे कुतूहल सरकारी जीपगाडीभोवती घोटाळत असे.

एका श्रावणात आईचे दुखणे विकोपास गेले. पावसाने वाट अशी झाली होती की, बैलगाडीची चाके काळ्या मातीत आसापर्यंत रुतली. दैवाने शेतकी खात्याची जीप त्या दिवशी गावात होती. तिनेच आईला तिवस्याच्या दवाखान्यात पोहोचविले. मुलांनो, साध्या मोटारीत इंजिनाचा जोर दोनच चाकांना मिळतो. जीपमध्ये एक दांडा ओढला की तो चारही चाकांना मिळे. दोन चाके चिखलात घसरली, तरी उरलेली दोन गाडीला पुढे रेटीत.

ही गाडी मूळची अमेरिकेची. विलीज कंपनी १९४१ पासून ती सैन्यासाठी बांधू लागली. पुढे १९५० पूर्वीच महिंद्र कंपनीने तिचे सुटे भाग मुंबईत जोडण्यास आरंभ केला. दारांच्या जागी मोकळी हवा आणि वर कापडी छत, एवढाच तिचा थाट!

२०१७ साली पुण्याजवळ रांजणगावात जीप कंपनीची ‘कंपास’ तयार होऊ लागली. मऊ आसने, गार हवा, आणि पुढच्या जाळीत घराण्याची खूण म्हणून सात उभ्या फटी. पण तिच्या काही प्रकारांत इंजिनाचा जोर पुढच्या दोनच चाकांना मिळतो. तिला जीप म्हणताना माझी जीभ अंमळ अडखळते.