‘नको’ म्हणण्याची उंची

शाळांना सुट्टी लागली की पुण्यातली कितीतरी कुटुंबं एक दिवस इमॅजिकासाठी राखून ठेवतात. पहाटे निघायचं, द्रुतगती मार्गाने घाट उतरायचा, खोपोली-पाली रस्त्यावर सांगडेवाडीला गाडी लावायची आणि संध्याकाळपर्यंत तिकिटाचे पैसे वसूल करायचे, असा ठरलेला बेत असतो. 2013 साली हे उद्यान सुरू झालं आणि पेशवे पार्कातल्या फुलराणी या छोट्या आगगाडीवर वाढलेल्या या शहरातल्या पालकांपुढे एक नवा प्रश्न आला: मुलाला कशात बसवायचं आणि कशात नाही? मोठ्या राईडच्या तोंडाशी उंची मोजायची पट्टी असते. मुलाचं डोकं त्या रेघेला लागलं की कर्मचारी आत सोडतो, आणि बहुतेकांच्या लेखी प्रश्न तिथेच मिटतो. पालक म्हणून त्या पट्टीपाशी मीही पुष्कळदा उभा राहिलो आहे. हळूहळू माझं मत असं बनलं की ती पट्टी दुसऱ्याच एका प्रश्नाचं उत्तर देते. मुलाची तयारी तिच्यावर मोजता येत नाही. ती मोजायची तर दोनच गोष्टी पाहाव्या लागतात: मुलाला मोकळेपणाने ‘नको’ म्हणता येतं का, आणि त्याने तसं म्हटल्यावर आपण ऐकतो का.

पट्टी मोजते ते शरीर आणि यंत्र यांचं जुळणं. खांद्यांवरून येणारा किंवा मांडीवर टेकणारा दांडा ठरावीक मापाच्या अंगासाठी बनवलेला असतो. त्याहून लहान अंग त्यातून निसटू शकतं. शिवाय लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं. मोठ्या माणसाच्या उंचीत त्याचं डोकं साधारण आठ वेळा मावतं, सहा वर्षांच्या मुलाच्या उंचीत सहाच वेळा. आणि ते डोकं सावरणारी मान अजून कोवळी असते. म्हणून पट्टीशी घासाघीस करायचीच नाही. जाड तळाचे बूट, उंचावलेल्या टाचा, ‘एवढ्या एका बोटाने काय होतंय’ हा युक्तिवाद, यातलं काहीही मुलाच्या हिताचं नाही. पण तीच पट्टी मनाबद्दल अवाक्षर काढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यांनुसार सातव्या वर्षी मुलांची मध्यम उंची 120 सेंटीमीटरच्या आसपास असते आणि दहाव्या वर्षी 138 च्या आसपास. त्याच्या अलीकडे-पलीकडे मुलं असतातच. त्यामुळे 120 च्या रेघेला पहिलीतलं उंचेलं मूल लागतं आणि तिसरीतलं ठेंगणंही. दोघांच्या समजुतीत दोन इयत्तांचं अंतर असतं, पट्टीला मात्र दोघं सारखीच.

समजुतीतलं हे अंतर किती मोलाचं आहे, ते भीतीचे प्रकार वेगळे केले की कळतं. एक भीती वेगाची, उंचीची, उलटं होण्याची. दुसरी दिसण्याची, म्हणजे अंधाराची, भुताची, अचानक अंगावर येणाऱ्या चेहऱ्याची. इमॅजिकातली नायट्रो ही स्विस कंपनीने बांधलेली राईड पहिल्या प्रकारातली. तिच्यात पायांखाली फळीसुद्धा नसते. सलीमगढ ही झपाटलेल्या किल्ल्यातली अंधारी सफर दुसऱ्या प्रकारातली. पालक बहुधा पहिलीला बिचकतात आणि दुसरीला ‘हे तर खोटं खोटं आहे’ म्हणून सोडून देतात. लहान मुलांच्या बाबतीत हा हिशेब नेमका चुकतो. 1969 साली रीटा डीव्हरीस या अमेरिकी संशोधिकेने तीन ते सहा वर्षांच्या मुलांपुढे मेनार्ड नावाचं एक गरीब मांजर ठेवलं आणि त्याच्या तोंडावर उग्र कुत्र्याचा मुखवटा चढवला. मांजर सगळा वेळ त्यांच्या समोरच होतं, तरी तीन वर्षांच्या पुष्कळ मुलांच्या लेखी आता तो कुत्रा झाला होता. सहा वर्षांच्या मुलांना मात्र मुखवट्यामागचं मांजर मांजरच राहिलं. म्हणजे ‘खोटं आहे रे’ हा आपला दिलासा ज्या वयाला सर्वांत जास्त लागतो, त्याच वयाला तो सर्वांत कमी पोचतो. आणि ज्या घरात जेवण संपवण्यासाठी रोज बागुलबुवा बोलावला जातो, त्या घरातल्या चार वर्षांच्या मुलाने किल्ल्यातल्या भुतापुढे एकदम शहाणं व्हावं, ही अपेक्षा तरी कशाच्या जोरावर करायची?

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: इतका विचार केला तर मुलं भित्री होतील, थोडी भीती त्यांना चांगलीच असते. यातलं दुसरं वाक्य मला पूर्ण मान्य आहे. नॉर्वेतल्या संशोधिका एलेन सँडसेटर यांनी 2007 साली मुलांच्या धाडसी खेळांचे प्रकार मांडले. उंचावर चढणं आणि भरधाव वेग हे त्यांतले पहिले दोन. अशा खेळांतूनच मुलं भीतीवर मात करायला शिकतात, असं त्या पुढेही मांडत आल्या. पण या खेळांचं एक लक्षण आपण विसरतो. झाडावर चढणारं मूल कोणत्या फांदीपर्यंत जायचं ते स्वतः ठरवतं. पर्वतीच्या पायऱ्या धावत उतरणारं मूल छाती धडधडली की वेग कमी करतं. भीतीची मात्रा त्याच्या हातात असते आणि शिकणं त्या हातात असण्यातून होतं. राईडमध्ये ही सोय नाही. दांडा खाली येऊन खटका बसला की मुलाचा आवाज, हात, रडणं यांपैकी कशानेही गाडी थांबत नाही. दोन-तीन मिनिटं त्याची भीती पूर्णपणे यंत्राच्या ताब्यात जाते. म्हणूनच राईडवर मुलाच्या हातात एकच निर्णय उरतो, तोही बसण्यापूर्वीचा. तो निर्णय त्याच्याकडून काढून घेतला तर झाडावर चढण्याचे फायदे आपण नायट्रोच्या खात्यावर मांडू शकत नाही.

दुसरा आक्षेप जुन्या पिढीचा: आम्हाला नाही का चतुःशृंगीच्या जत्रेत पाळण्यात बसवायचे, काय झालं आम्हाला? जत्रेची आठवण काढायची तर ती पूर्ण काढावी. लहान मुलांचा लाकडी पाळणा माणूस हाताने फिरवायचा. पोराने भोकाड पसरलं की तो पाळणा थांबवायचा आणि पोराला खाली उतरवून द्यायचा. मोठा आकाशपाळणा उघड्यावर असे. मुलं तासभर खाली उभी राहून वर गेलेल्यांचे चेहरे बघत, मग पुढच्या वर्षी बसू म्हणत आणि कधी खरंच बसतही. आज ज्याला मी मुलाचा ‘नको’ म्हणतोय, त्याला त्या जत्रेत आपसूक जागा होती. शिवाय ‘आम्हाला काही झालं नाही’ हे सांगणारे नेहमी तेच असतात ज्यांना काही झालं नाही. अंधाराची किंवा उंचीची धास्ती जन्मभर बाळगणारे घरगुती गप्पांत ती कबूल करत नाहीत, कारण कबूल करणाऱ्याला आपल्याकडे भित्री भागूबाई हे नाव तयार असतं.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. मुलाच्या ‘नको’वर थांबलो तर ते कधीच पुढे जाणार नाही, पोहायला शिकवायचं तर विहिरीत ढकलावंच लागतं. पण गावाकडे विहिरीत ढकलण्याआधी पाठीला काय बांधत, ते आठवून पाहावं. कुठे वाळका भोपळा, कुठे पत्र्याचा रिकामा डबा. शिकवायचा तो डबा. शिकण्याचं श्रेय आपण उगाच धक्क्याला देतो. मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांचा 1924 सालचा प्रयोग हेच सांगतो. सशाला घाबरणाऱ्या जेमतेम तीन वर्षांच्या पीटरला खाऊ खायला बसवायचं आणि पिंजऱ्यातला ससा लांब ठेवायचा; मग बेताबेताने, त्याला सोसेल तसा जवळ आणायचा. अखेर पीटर सशाला कुरवाळू लागला. त्या प्रयोगाचा मधला भाग मला जास्त बोलका वाटतो. मध्यंतरी एक मोठा कुत्रा अंगावर आला आणि पीटरची भीती पुन्हा मूळपदावर गेली. तोवरची कमाई एका धसक्यात बुडाली. उद्यानातही पायऱ्या असतातच. डेअर टू ड्रॉप उंचावरून खाली सोडतो, आणि त्याच जातीचा छोटा हम्प्टीज फॉल लहानांसाठी आहे. छोट्यातून उतरताना मूल ‘पुन्हा’ म्हणालं तर पुढच्या पायरीचा विषय काढावा. गप्प राहिलं तर गप्प राहण्याला होकार समजू नये. घाबरून थिजलेलं मूलही शांतच दिसतं.

कुणी म्हणेल, आमचं मूल तर स्वतःच हट्ट करतंय, मग? माझ्या मते मुलाचा ‘नको’ आणि ‘हो’ यांचं वजन सारखं धरू नये. ‘नको’ एकदा म्हटला की पुरे. त्याला कारण विचारायची गरज नाही. ‘हो’ मात्र तपासून घ्यावा. तो मावसभाऊ बसला म्हणून आलेला असू शकतो, मुलगा असून घाबरतो म्हणतील म्हणून आलेला असू शकतो, बाबांना आवडेल म्हणूनही आलेला असू शकतो. तपासायची रीत सोपी आहे: राईड बाहेरून दोन-तीन वेळा पाहू द्यायची आणि आत काय काय होईल ते मुलालाच सांगायला लावायचं. ज्याला ते क्रमाने सांगता येतं, त्याच्या ‘हो’मध्ये काहीतरी भरलेलं असतं. बोरघाटाच्या वळणांत ज्याला गाडी लागते, त्याच्या पोटाचाही विचार त्याच वेळी करावा. आणि आपला चेहरा सांभाळावा. जेम्स सोर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 1985 सालच्या प्रयोगात वर्षभराची बाळं काचेखालच्या खोलगट भागापाशी येऊन थबकली आणि त्यांनी पलीकडच्या आईकडे पाहिलं. आईचा चेहरा हसरा होता तिथे 19 पैकी 14 बाळं पलीकडे गेली; आईच्या चेहऱ्यावर भीती होती तिथे 17 पैकी एकही गेलं नाही. इतक्या लहान वयापासून मूल आपलं तोंड वाचून पाऊल टाकतं. तेव्हा आपल्या हौसेचं हसूही त्याला ढकलतं, हे ध्यानात असलेलं बरं.

पैशांचा मुद्दा पुण्यात टाळून चालणार नाही. सगळ्या राईडचं तिकीट एकच असल्यामुळे सोडलेली प्रत्येक राईड खिशातून पडलेल्या नोटेसारखी वाटते. पण पैसे गेटवरच गेलेले असतात. मुलाला जबरदस्तीने बसवून त्यातला एक रुपयाही परत येत नाही. उलट उरलेला दिवस त्याची समजूत काढण्यात जातो. दोन मुलांपैकी एक तयार आणि एक नाही, असं असेल तर आई एकाबरोबर वर आणि बाबा दुसऱ्याबरोबर खाली, हा साधा व्यवहार आहे. खाली थांबलेल्याला शिक्षा झाल्यासारखं वाटू नये, एवढं पाहिलं की झालं.

राहिला प्रश्न खरं सांगण्याचा. ‘काही होत नाही’ हे आपलं सर्वांत आवडतं वाक्य मला सर्वांत धोकादायक वाटतं, कारण पुष्कळ काही होतं. पोटात गोळा येतो, डोळ्यांत पाणी येतं, ओरडावंसं वाटतं. आणि यंत्रं क्वचित मोडतातही: अहमदाबादच्या कांकरिया तलावाशी जुलै 2019 मध्ये झोक्यासारखी राईड तुटून माणसं दगावली. तेव्हा मुलाची भीती मुळातच वेडगळ असते असं मानायचं कारण नाही. दांडा नीट बसला का, पट्टा ओढून पाहिला का, पाळण्याची देखभाल होते का, हे पाहणं आपलं काम. मुलाला सांगायचं ते असं: पोटात गोळा येईल, दोन-तीन मिनिटं चालेल, मध्येच थांबवता येणार नाही, मी शेजारी असेन, आणि बसायच्या आधी कधीही नको म्हणालास तरी चालेल. रांगेत तासभर काढून पुढे आल्यावर म्हणालास तरी चालेल.

या शेवटच्या वाक्याची किंमत राईडपुरती नाही. पुढे दहा-बारा वर्षांनी हेच मूल मित्राच्या भरधाव मोटरसायकलवर मागे बसायचं की नाही, हे आपल्या गैरहजेरीत ठरवणार आहे. तेव्हा त्याच्या उपयोगी पडेल तो, सगळे चढत असताना आपण नको म्हटलं आणि कुणी हसलं नाही, हा अनुभव. म्हणून यंदा सांगडेवाडीच्या रांगेत आपलं मूल अगदी पुढे पोचून मागे फिरलं, तर मागच्यांना ‘जरा वाट द्या’ म्हणा आणि त्याच्याबरोबर बाहेर या. राईड पुढच्या वर्षीही तिथेच असेल.